लिंबाची पानं पिवळी, शिरा हिरव्या: अ‍ॅक्वापोनिक्समधला माझा अनुभव

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर झाडं वाढवणं. माझ्या शेडमध्ये खडीच्या वाफ्यात लावलेल्या कागदी लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. जुनी पानं ठीक होती, म्हणजे नत्र नव्हे, लोह कमी. माशांच्या खाद्यातून लोह फारसं मिळत नाही, आणि पाण्याचा सामू (pH) ७.८ म्हणजे चढा असल्याने होतं तेही मुळांना लागत नव्हतं.

सामू कशाने चढतो ते बघायला आधी खडी तपासली. मूठभर धुऊन व्हिनेगरमध्ये टाकली. बुडबुडे आले असते तर चुनखडी समजून सगळी बदलावी लागली असती. आले नाहीत, दोष बोअरच्या जड पाण्याचा होता.

आम्ल टाकीत थेट ओतू नका, मासे दगावतात. टाकीत भर घालायचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये घेऊन थेंबथेंब फॉस्फोरिक आम्लाने सामू ६.५ वर आणा. रात्रभर हवेचा पंप चालवून सकाळी पुन्हा मोजा, कारण तो परत चढतो. (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच.) टाकीचा सामू दिवसाला ०.२ पेक्षा जास्त उतरू देऊ नका, ६.६ ते ६.८ ला थांबा.

मग लोह द्या: १००० लिटरला ६ टक्के लोह असलेलं ईडीडीएचए (चढ्या सामूतही टिकणारं चिलेटेड लोह) ३३ ग्रॅम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम लोह. पाणी लालसर होतं, घाबरू नका. स्वस्त ईडीटीए प्रकारचं लोह चढ्या सामूत टिकत नाही. पिवळी पानं पुरती हिरवी होतीलच असं नाही, नवी पालवी बघा.

जाता जाता सायफनही (वाफा भरला की पाणी आपोआप उपसून टाकणारी नळी) पाहा: लिंबाची मुळं त्यात शिरली की वाफा तुंबून मुळं कुजतात. सायफनभोवती भोकं पाडलेला ११० मिमी पाइप बसवा.