अॅस्टरिस्कला सीआरएम जोडताना: एएमआय, एजीआय की एआरआय? या चुका टाळा

फोन वाजला की पडद्यावर ग्राहकाची माहिती यावी, नंबरवर क्लिक केलं की कॉल लागावा. अॅस्टरिस्क (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर) सीआरएमला (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) जोडताना बहुतेक ऑफिसांची गरज एवढीच असते. जोडायचे तीन मार्ग आहेत: एएमआय, एजीआय आणि एआरआय. तरी 'नवीन आहे' म्हणून एआरआय निवडलं जातं आणि काम उगाच वाढतं.

अॅस्टरिस्क १२ पासून आलेलं एआरआय 'स्टॅसिस'मध्ये (बाहेरच्या प्रोग्रॅमकडे कॉल सोपवणाऱ्या भागात) शिरलेल्या कॉलचा ताबा तुमच्या प्रोग्रॅमला देतं. मग रांग, ट्रान्सफर, होल्ड हे सगळं तुम्हीच लिहायचं. प्रोग्रॅमचं वेबसॉकेट (अॅस्टरिस्कशी सतत उघडं असणारं कनेक्शन) बंद असेल तर कॉल स्टॅसिसमध्ये जातच नाही, डायलप्लॅन (कॉलचं काय करायचं त्या सूचनांची यादी) पुढच्या ओळीवर सरकतो. तिथे काहीच नसेल तर कॉल तुटतो. रिसेप्शनकडे वळवणारी ओळ तिथे हवीच.

एजीआय वेगळ्या कामाचं: आयव्हीआर ('एक दाबा, दोन दाबा' सांगणारा आवाजी मेनू) चालू असताना डेटाबेसमधून शिल्लक रक्कम वाचणं वगैरे. साधं एजीआय प्रत्येक कॉलला नवी प्रोसेस उघडतं. गर्दीच्या लाइनवर फास्टएजीआय (आधीच चालू असलेल्या सर्व्हरशी नेटवर्कवरून बोलणारं एजीआय) घ्या, पोर्ट ४५७३. ऑफिसमधलं कोणतं एक्सटेन्शन (अंतर्गत फोन) वाजतंय हे मात्र त्यातून कळत नाही.

म्हणजे पॉप-अप आणि क्लिक-टू-कॉलला एएमआयच, पोर्ट ५०३८. ते कॉलच्या घडामोडी कळवतं आणि तुमच्या कमांड घेतं. नेमकं अडतं ते इथे.

कॉल वाजण्याआधीच तुटतो? 'ओरिजिनेट' या कॉल लावणाऱ्या एएमआय कमांडमधला टाइमआउट मिलिसेकंदांत असतो. ३० सेकंदांसाठी ३०००० लिहा. कॉल फाइलमधला (कॉल लावण्यासाठी अॅस्टरिस्कला द्यायच्या टेक्स्ट फाइलमधला) वेटटाइम सेकंदांत असतो, त्यामुळे तिथून आकडा उचलणारे हमखास फसतात.

एक कॉल लावला की बाकीच्या कमांड अडकून पडतात? 'ओरिजिनेट'मधलं 'असिंक' ट्रू करा आणि प्रत्येक कमांडला वेगळा अॅक्शनआयडी द्या. नाहीतर कोणतं उत्तर कशाचं, ते जुळवता येणार नाही.

ग्राहक आधी उचलतो आणि त्याला रिंग ऐकू येते? 'ओरिजिनेट'मधल्या चॅनेल आणि एक्सटेन्शन या दोन रकान्यांची अदलाबदल झाली आहे. चॅनेलमध्ये आपल्या माणसाचा फोन, एक्सटेन्शनमध्ये ग्राहकाचा नंबर.

एकाच कॉलच्या दोन-तीन नोंदी होतात? युनिकआयडी प्रत्येक चॅनेलचा (कॉलमधल्या एकेका फोनच्या जोडणीचा) वेगळा असतो. कॉलचे सगळे तुकडे जोडायला लिंक्डआयडी वापरा.

अपग्रेडनंतर काहीच लागत नाही? अॅस्टरिस्क २१ मधून चॅन-एसआयपी (फोन जोडणारा जुना ड्रायव्हर) काढून टाकलं आहे. कोडमधलं 'एसआयपी/१०१' आता 'पीजेएसआयपी/१०१' हवं.

पॉप-अप येतो, पण नाव सापडत नाही? भारतात एकच मोबाइल नंबर कधी शून्य लावून, कधी +९१ लावून येतो. शेवटचे १० अंक जुळवा.

ब्राउझरला थेट ५०३८ शी बोलू देऊ नका, पासवर्ड उघडा पडेल. मधे स्वतःची छोटी सर्व्हिस ठेवा. ती त्याच सर्व्हरवर असेल तर एएमआय १२७.०.०.१ वर (फक्त त्याच मशीनवरून पोहोचता येणाऱ्या पत्त्यावर) बांधा. त्या खात्याला 'कॉल' वाचण्याची आणि 'ओरिजिनेट' लिहिण्याची परवानगी पुरते. 'सिस्टम' आणि 'कमांड' देऊ नका.