फुटबॉल स्कॉलरशिपची ऑफर आली? आधी जागा मोजा

डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात मला फोन येतात. मुलगा हायस्कूलच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो, कुठल्यातरी कॉलेजच्या कोचने फोनवर ऑफर दिलेली असते आणि घरात पेढे वाटून झालेले असतात. मी एकच विचारतो: कागद आला का?

तयारीचं थोडक्यात. अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या एलिजिबिलिटी सेंटरवर, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या केंद्रावर, नाव नोंदवा. सर्वांत वरच्या गटासाठी, म्हणजे डिव्हिजन-वनसाठी, १६ कोअर (मुख्य अभ्यासाचे) विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी संपवायचे. खेळाचा व्हिडिओ छोटा ठेवा.

तारखाही पाठ करा. कोच मुलाला अकरावीच्या १ सप्टेंबरपासून थेट मेसेज करू शकतो. लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देता येत नाही. स्कॉलरशिपच्या करारावर सह्या डिसेंबरच्या पहिल्या बुधवारपासून, राहिलेल्यांच्या फेब्रुवारीत. त्याआधी मुलाने जाहीर केलेली ‘कमिटमेंट’ म्हणजे दोन्ही बाजूंचा नुसता शब्द.

मी ठेचकाळलो ते याच शब्दावर. २०१९ च्या जूनमध्ये माझ्या थोरल्याला, तो किकर (चेंडूला लाथ मारून गोल करणारा), एका कॉलेजने तोंडी ऑफर दिली. आम्ही भाबडेपणाने बाकीच्या कोचना नकार कळवून टाकले. नोव्हेंबरात त्याच कोचचा फोन आला: यंदाच्या जागा भरल्या, शाळा संपल्यावर ऑगस्टऐवजी पुढच्या जानेवारीत दाखल हो. याला ग्रेशर्ट म्हणतात. मुलगा पुढच्या वर्षाच्या हिशोबात ढकलला जातो. तेव्हा वरच्या गटातल्या संघाला वर्षाला २५ नवे आणि एकूण ८५ स्कॉलरशिपवाले एवढीच परवानगी होती. तोंडी ऑफरवर मात्र मर्यादा नव्हती, आजही नाही. नियम वाकवणं नवं नव्हतंच. २००९ मध्ये ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठ) एका वर्षात ३७ मुलांच्या सह्या घेतल्या, तेव्हा कुठे त्यांच्या लीगने, साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, सह्यांवरच आधी २८ आणि नंतर २५ ची मर्यादा घातली.

हे २५ आणि ८५ चे आकडे सांगणारे सल्ले अजून फिरतात. ऐकू नका. २५ ची अट २०२३ मध्ये कायमची गेली. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ८५ चीही अट संपली. आता संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू. हव्या तितक्यांना स्कॉलरशिप द्या, पण स्वखर्चाने खेळणारे वॉक-ऑनही त्या १०५ मध्येच मोजले जातात. ‘स्कॉलरशिप वाढल्या’ म्हणून खूश होणाऱ्या पालकांच्या हे लक्षात येत नाही. पूर्वी मोठे संघ वॉक-ऑन धरून १०५ च्या वर सहज जात. तिसऱ्या-चौथ्या किकरची जागा तीच होती आणि तीच आता गेली.

म्हणून जागा स्वतः मोजा. कॉलेजच्या साइटवरचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडा. मुलाच्या पोझिशनवर कोण आहेत ते वहीत लिहा आणि शेवटच्या वर्षाचे खोडा. उरलेल्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे दोन किकर असतील, तर तिसरा त्यांना कशाला हवा? मग ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, बघा: या पोझिशनवर कोच शाळेतून मुलं घेतो की दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू आणतो? गेल्या दोन वर्षांचा हिशोब पुरतो.

एवढं झालं की कोचला फोन करा. फोन मुलानेच करावा, तुम्ही शेजारी बसा. विचारायचं ते असं: ‘मी आज होकार दिला तर ही जागा माझी का? या पोझिशनवर किती ऑफर दिल्यात आणि किती जण घेणार? स्कॉलरशिप पूर्ण की अर्धी, आणि किती वर्षांची?’ चांगला कोच आकडा सांगतो. ‘आम्हाला तू फार आवडतोस’ हे उत्तर नाही. आकडा मिळाला नाही, तर बाकीच्या कोचशी बोलणं चालू ठेवा. त्यात अप्रामाणिकपणा काही नाही, आणि हे मी माझ्या धाकट्यालाही बजावून सांगितलं.

खालच्या गटांचा हिशोब वेगळा. डिव्हिजन-टूमध्ये ३६ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम बऱ्याच मुलांत वाटतात, म्हणजे ‘स्कॉलरशिप मिळाली’ याचा अर्थ पाव खर्चही असू शकतो. डिव्हिजन-थ्री आणि आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी कॉलेजं) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. डिव्हिजन-थ्रीत गुण आणि घरचं उत्पन्न यांवर, आणि आयव्हीत फक्त घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत विचारा.

सही करणं सोपं. एका कॉलेजशी बांधून घेणारं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, २०२४ मध्ये बंद झालं, आता स्कॉलरशिपचा करारच महत्त्वाचा. तो झाला की दुसऱ्या कॉलेजांनी मुलाशी संपर्क थांबवायचा असतो. करारात किती वर्षं लिहिली आहेत ते बघा. त्या मुदतीत दुखापत झाली किंवा खेळ घसरला म्हणून रक्कम कापता येत नाही. आणि मुलगा एच-४ (पालकांवर अवलंबून असलेल्यांचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असेल, तर नाव आणि चेहरा वापरण्याचे पैसे देणाऱ्या एनआयएल करारावर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही करू देऊ नका, कोच कितीही घाई करो.