पीजी करताना शाखा बदलायची असेल तर

पहिल्या वर्षाचे तीन-चार महिने उलटले की मला फोन येऊ लागतात. मुले खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडची असतात. एमबीबीएस होऊन बेळगाव, हुबळी, कोल्हापूर किंवा मिरज येथे पीजीला, म्हणजे वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षणाला, लागलेली असतात, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळू आवाजात सांगतात की ही शाखा आपल्याला जमणार नाही. मी स्वतः जनरल सर्जरीची जागा आठव्या महिन्यात सोडून पुढे मानसोपचाराकडे आलो, म्हणून ती मला विचारतात. मी सोडली तेव्हा मला नीट सांगणारे कोणी नव्हते आणि त्याची किंमत मी एका वर्षाहून अधिक काळाने मोजली. फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगतो ते येथे सलग मांडत आहे.

प्रथम नियम समजून घ्या, कारण बहुतेक गैरसमज येथेच होतात. आपल्या देशात पीजीची शाखा अर्ज करून बदलून मिळत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमावलीनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याचे स्थलांतर कोणतेही विद्यापीठ किंवा प्राधिकरण मंजूर करू शकत नाही. दोन्ही विभागप्रमुख राजी असले, दोन विद्यार्थी आपसांत जागा बदलायला तयार असले किंवा हव्या त्या विभागात जागा रिकामी पडलेली असली, तरी त्याचा उपयोग होत नाही. अमेरिकेत निवासी डॉक्टरला आपल्या प्रमुखाचे पत्र घेऊन दुसऱ्या शाखेतील रिकाम्या जागेवर जाता येते आणि झालेल्या प्रशिक्षणाचा काही भाग धरलाही जातो. तेथील अनुभव वाचून येथे आशा धरू नये. येथे वाट एकच आहे: जागा सोडायची, नीट-पीजी किंवा आयएनआय-सीईटी (एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांची) ही प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची, आणि नव्या शाखेत पहिल्या दिवसापासून तीन वर्षे मोजायची. आधी काढलेले महिने हिशेबात धरले जात नाहीत.

किंमत एवढी मोठी असल्यामुळे सोडण्याचा विचार आला की पहिला प्रश्न असा घ्या: नकोसे झाले आहे ते नेमके काय? शाखा, विभाग, युनिट की पहिले वर्ष? या चार गोष्टी जेआर-१ च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, अंगावर एकदमच येतात आणि छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर त्या वेगळ्या दिसत नाहीत. मी एक साधा उपाय सांगतो. सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहा: आज कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही आणि कोणते काम टाळावेसे वाटले. टाळलेल्या कामांत रक्ताचे नमुने पोहोचवणे, फायली शोधणे, वरिष्ठांचे ओरडणे हेच पुन्हा पुन्हा येत असेल तर त्रास पहिल्या वर्षाचा किंवा त्या युनिटचा आहे आणि तो दुसऱ्या शाखेतही थोड्याफार फरकाने भेटेल. मात्र शांत दिवशी, चांगल्या वरिष्ठाबरोबर, ओटीत (शस्त्रक्रियागृहात) हाती चिमटा मिळाल्यावरही मन तेथे नसेल, तर प्रश्न शाखेचाच आहे. माझ्या वहीत हेच निघाले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या घरचे ऐकण्यात माझा वेळ जाई आणि टाके घालण्यात माझे लक्ष नसे.

दुसरी कसोटी म्हणजे निवासी डॉक्टरचे आयुष्य न पाहता त्या शाखेतील दहा वर्षे जुन्या डॉक्टरचे आयुष्य पाहणे. साप्ताहिक सुट्टी मिळेल तेव्हा गोकाक, निपाणी किंवा बेळगावातील एखाद्या स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या तज्ज्ञाच्या दवाखान्यात परवानगी घेऊन दिवसभर बसा. शाखेतील सर्वांत कंटाळवाणे काम मुद्दाम पाहा: रेडिओलॉजीत अंधाऱ्या खोलीत एकामागून एक सोनोग्राफी करणे, बालरोगात मध्यरात्री नवजात बाळासाठी उठणे, मानसोपचारात तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पाचव्यांदा येणे. ते काम पाहूनही ओढ टिकली तर ती खरी आहे.

सीमाभागातील विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट तोलावी, जिचा उल्लेख पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत येत नाही. बेळगावच्या ओपीडीत खानापूर आणि चंदगडकडचा रुग्ण मराठी बोलतो, तर बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडचा कन्नड. भूल देणाऱ्या किंवा एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरला कामापुरते कन्नड पुरते. मानसोपचारात ते पुरत नाही. रुग्णाने झोपेबद्दल, भीतीबद्दल वापरलेला नेमका शब्द हेच तेथे निदानाचे साधन असते. मराठी माध्यमात शिकलेल्या मला नव्या शाखेच्या पहिल्या वर्षी पुस्तकाच्या बरोबरीने कन्नड शिकावे लागले. म्हणून शाखा निवडताना ती कोणत्या गावी, कोणत्या भाषेत करणार हेही ठरवा.

कारण शाखेचे नसून वागणुकीचे असेल तर राजीनाम्यापूर्वी इतर मार्ग वापरा. नियमावलीत वर्षाला किमान वीस दिवसांची किरकोळ रजा आणि आठवड्याला एक सुट्टी सांगितली आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे अशी शिफारस केली. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. युनिट बदलून मिळणे ही विभागांतर्गत बाब असल्याने ती पुष्कळदा शक्य असते. झोप उडाली असेल, सकाळी उठवत नसेल, जगण्याचाच कंटाळा मनात येत असेल तर शाखेचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी उपचार घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दूर नाही. नैराश्यात घेतलेला राजीनाम्याचा निर्णय आणि नैराश्यात रेटून काढलेली तीन वर्षे, दोन्हींचे दुष्परिणाम मी रुग्णांत पाहिले आहेत.

जागा न सोडता दिशा बदलण्याची शक्यताही तपासा. सुपरस्पेशालिटीचे, म्हणजे एमडी-एमएसनंतरच्या डीएम आणि एमसीएच या पदव्यांचे, दरवाजे वाटतात त्याहून रुंद आहेत. भूलशास्त्र किंवा छातीविकाराच्या एमडीला क्रिटिकल केअरमधील (अतिदक्षता) डीएमला जाता येते, रेडिओथेरपीच्या एमडीला मेडिकल ऑन्कोलॉजीला (कर्करोग), पॅथॉलॉजीच्या एमडीला क्लिनिकल हिमॅटॉलॉजीला (रक्तविकार), आणि कान-नाक-घसा करणाऱ्याला हेड अँड नेक सर्जरीच्या एमसीएचला. जागा सोडून, परीक्षा देऊन, पुन्हा तीन वर्षे करण्यात जो काळ जातो, त्याच्या आसपासच्या काळात आहे ती पदवी आणि वरची पदवी या दोन्ही हाती येऊ शकतात. ज्याला मूळ शाखेचे किमान अर्धे काम आवडते त्याने हाच मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही सोडायचेच ठरले, तर राजीनामा लिहिण्याआधी प्रवेशाच्या दिवशी सही केलेले कागद पुन्हा वाचा. त्या दिवशी घाईत कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते. जागा सोडल्याचा दंड आणि पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवेची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सरकारी जागेवर दोन्ही असू शकतात. खासगी किंवा अभिमत संस्थेत उरलेल्या वर्षांची फी मागण्याचे कलम आहे का, मिळालेले विद्यावेतन परत करावे लागते का, मुदतीची नोटीस द्यायची आहे का, हे त्या कागदांत शोधा. २०२४ च्या जानेवारीत आयोगाने राज्यांना दंडाचे बॉण्ड बंद करण्याचा विचार करण्यास सांगितले आणि त्याऐवजी जागा सोडणाऱ्याला एक वर्ष त्या राज्यात प्रवेशबंदी करण्याचा पर्याय सुचवला. राज्याने आणि संस्थेने तो कसा स्वीकारला आहे हे तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. गेल्या वर्षी मित्राला काय लागू झाले यावर विसंबू नका. संस्था दंड का मागतात हेही समजून घ्यावे: प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर रिकामी झालेली जागा त्या तुकडीत पुन्हा भरता येत नाही आणि विभागाला तीन वर्षे एक माणूस कमी पडतो.

डीएनबीच्या, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या एमडी-एमएसच्या तोडीच्या पदवीच्या, जागेवर असाल तर विशेष सावध राहा. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या नियमाने डीएनबी सोडणाऱ्याला मूळ अभ्यासक्रमाची मुदत संपेपर्यंत मंडळाच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येत नाही. मग वाट उरते ती एमडी-एमएसची.

सोडण्याच्या वेळेबद्दल दोन मते आहेत. एक, आधी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करावा. दुसरे, काम करत परीक्षा द्यावी आणि जागा मिळण्याची खात्री झाल्यावर सोडावे. दुसरा मार्ग सुरक्षित दिसतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. दोनशे प्रश्नांची, साडेतीन तासांची नीट-पीजी, तीही तुमच्या सध्याच्या शाखेबाहेरचे सर्व विषय घेऊन, ड्यूटीच्या फटीत देणे फार थोड्यांना जमते. शिवाय नवी जागा मिळाल्यावर हजर होण्यास मोजके दिवस असतात आणि तेवढ्यात मूळ प्रमाणपत्रे सुटून हाती यावी लागतात. माझी प्रमाणपत्रे एका संस्थेने कित्येक आठवडे अडकवून ठेवली आणि मला त्या वर्षीच्या समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, पहिल्या फेऱ्या हुकल्या. म्हणून मी असे सुचवतो की परीक्षेआधी निदान चार-पाच महिने हाती राहतील अशा बेताने सोडावे, आणि घरची परिस्थिती तेवढे बिनपगारी महिने सोसणार नसेल तर कामावर राहूनच तयारी करावी, पण कागदांची चौकशी मात्र परीक्षेपूर्वीच पूर्ण करावी. समुपदेशनाच्या शेवटच्या फेऱ्यांत घेतलेली जागा सहजी सोडता येत नाही, हेही लक्षात असू द्या. दुसऱ्यांदा नको असलेली शाखा रँकच्या भीतीने भरून आलेला एक विद्यार्थी मी पाहिला आहे.

जागा कोठे शोधावी? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजसारख्या अभिमत संस्थांतील जागा केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत देशभरातील सर्वांना खुल्या असतात. प्रत्येक राज्याच्या सरकारी महाविद्यालयांतील निम्म्या जागाही अखिल भारतीय कोट्यात असतात. त्यामुळे कोल्हापूर, मिरज किंवा गोव्यातील बांबोळी तुम्हाला या मार्गाने मोकळे आहे. एमबीबीएसच्या प्रवेशात महाराष्ट्र शासन सीमाभागातील उमेदवारांना जी सवलत देते ती पीजीतही मिळेल असे गृहीत धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पीजीतील निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिलेले मर्यादित प्राधान्य मात्र कायम आहे. राज्य बदलले तर कर्नाटक मेडिकल कौन्सिलचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी यांसाठी वेळ राखून ठेवा.

घरी सांगणे हा भाग पुष्कळांना नियमांहून अवघड जातो. आमच्याकडे मुलाच्या फीसाठी शेताचा उतारा बँकेत गेलेला असतो, पतसंस्थेचे कर्ज असते आणि गावात "डॉक्टर मोठ्या शिक्षणाला गेला" हे सगळ्यांना माहीत असते. फोनवर सांगू नका. घरी जा आणि तारखा व रकमा कागदावर लिहून नेऊन आई-वडिलांसमोर ठेवा: किती दंड, कधी परीक्षा, तोवर कोठे नोकरी, नापास झालो तर काय. शैक्षणिक कर्ज असेल तर अभ्यासक्रम मध्येच सुटल्यावर हप्ते केव्हा सुरू होतील हे बँकेकडून लेखी घेऊन मगच जा. मी हिशेब न नेता गेलो होतो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त जेवणावरून उठले. पुढच्या खेपेस कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारले, "बी.पी.ला देतात तशी नुसती गोळी देणारा डॉक्टर होणार, की खरंच कोणाचं ऐकणारा?"

राजीनामा तीन-चार ओळींचा असावा. कारण लिहायचे तर वैयक्तिक एवढेच लिहा. विभागाविरुद्ध तक्रार असेल तर ती स्वतंत्र अर्जात, तारखांसह द्या. विभागप्रमुखांना आधी प्रत्यक्ष भेटून सांगा, कारण वैद्यकीय जग या भागात फार लहान आहे आणि उद्या तुमचा रुग्ण त्यांच्याचकडे जाणार आहे. राजीनाम्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मग कार्यमुक्तीचा आदेश, वसतिगृह व ग्रंथालयाचे नो-ड्यूज, विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र, आणि दहावीपासूनची मार्क्स कार्डे, एमबीबीएसची पदवी, इंटर्नशिप व कौन्सिल नोंदणीची प्रमाणपत्रे परत घ्या. प्रत्येक कागदाची पावती मागा.

एक काम पुष्कळ जण विसरतात. तुमच्या प्रबंधासाठी काही रुग्णांनी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा दिलेला असतो आणि पुढच्या तपासणीची तारीख तुमच्या तोंडून ऐकलेली असते. त्यांची यादी फोन नंबरांसह गाईडच्या हाती द्या, वॉर्डातील तुमचे रुग्ण सहकाऱ्याला खाटेजवळ उभे राहून एकेक करून सोपवा आणि त्या रुग्णांना त्यांच्या भाषेत सांगा की उद्यापासून हे डॉक्टर येतील. त्यानंतर ॲप्रन उतरवा.