अगं, सम कुठाय? : गेमसाठी संगीत करायला निघालेल्यांना

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, कोणते हेडफोन, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी लिहिणार आहे ते एका चुकीबद्दल, जिच्यामुळे माझं पहिलं काम हातचं गेलं. चार वर्षं झाली, तरी आठवलं की पोटात कालवतं.

तबल्यात विशारद झाले आणि कर्वेनगरच्या खोलीत बसून बाणेरच्या एका छोट्या टीमसाठी मोबाइल गेमचं संगीत केलं. जंगलाची लेव्हल, १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके), चार-चार ठोक्यांचे सोळा बार. म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं, ३२ सेकंद. बासरी, तबला, भरपूर रिव्हर्ब (आवाज घुमत राहण्याचा परिणाम) आणि शेवटी एक झोकदार तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा वाजवून समेवर येणं. घरी सगळ्यांना आवडलं. आठवड्याने टीमचा निरोप आला, की टेस्टिंगची मुलं आवाज बंद करून खेळतायत.

जाऊन स्वतः खेळले तेव्हा कळलं. दर ३२ सेकंदांनी बासरीची आस (सुरामागे रेंगाळणारा नाद) कात्रीने कापल्यासारखी तुटायची, मग क्षणभर पोकळी, मग पुन्हा सुरुवात. एकाच लेव्हलवर अर्धा तास अडकलेला खेळाडू हे पन्नासहून जास्त वेळा ऐकतो. काम दुसऱ्याला गेलं.

नारायण पेठेत माझ्या तबल्याच्या सरांकडे गेले. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. मोबाइलवर दोनदा ऐकलं आणि म्हणाले, “अगं, सम कुठाय?” सम म्हणजे आवर्तनाचा पहिला ठोका. तिहाईचा शेवटचा धा मी सोळाव्या बारच्या आतच संपवला होता. गाणं ‘संपावं’ म्हणून. लूपमध्ये, म्हणजे तीच फाइल पुन्हा पुन्हा वाजते तेव्हा, तो धा फाइलच्या पहिल्या ठोक्यावर पडायला हवा. खरं तर दर ३२ सेकंदांनी तिहाई हवीच कशाला? ऐकणाऱ्याला वाटतं झालं, आणि लेव्हल तर चालूच असते.

आता आस तुटण्याचं. सूर ३२ व्या सेकंदाला थांबला तरी रिव्हर्ब पुढे दोन-तीन सेकंद रेंगाळतो. फाइल तिथे कापली तर तो मरतो, न कापावी तर पुढचं आवर्तन उशिरा येतं. म्हणून तेच सोळा बार एकापाठोपाठ दोनदा ठेवा, ६४ सेकंद रेंडर करा (म्हणजे त्यांची एक फाइल बनवा) आणि त्यातली फक्त दुसरी ३२ सेकंदं कापून घ्या. पहिल्या फेरीची आस दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीवर आपोआप सांडलेली असते, त्यामुळे सांधा ऐकूच येत नाही. फक्त लेव्हल पहिल्यांदा सुरू होताना ही आधीची आस नको असते. तेवढ्यासाठी पहिली फेरी वेगळी फाइल म्हणून द्या.

आणि लूप एमपी३ मध्ये कधीही देऊ नका. कधीही. एमपी३ १,१५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या सूक्ष्म नोंदींच्या) तुकड्यांत बांधलं जातं आणि एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर, आगेमागे थोडी शांतता भरतो. नुसतं गाणं ऐकताना ती कळत नाही, लूपमध्ये दर फेरीला ठेच लागते. माझी पोकळी तिथून आली होती. वेव्ह फाइल द्या, गेममध्ये घालताना ऑग व्हॉर्बिस (आवाजाच्या फाइलचा दुसरा एक प्रकार) करायला सांगा.

एवढं वाचून घाबरू नका. हे दोन दुपारींत शिकता येतं, मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

तयार लूपचे पॅक विकत घेऊन काम उरकायचा सल्ला मिळेल. माझं मत विरुद्ध आहे. त्यात सांधा दुसऱ्याने जोडलेला असतो, तुमचा कान तयार होत नाही. आणि फक्त ‘छान झालंय’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाकडे वेळ घालवू नका. तुमचा ट्रॅक अर्धा तास सलग ऐकेल असा माणूस शोधा, मग तो भजनी मंडळातला का असेना.

गेममधलं संगीत खेळाडूशी बोलतं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच खर्जाचे सूर आहेत, पण शत्रू कमी होत जातात तशी त्यांची लय चढते आणि हात घामेजतात. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये उरलेली वेळ १०० वर आली की संगीतकार कोजी कोंडोंची तीच चाल द्रुतात जाते. घड्याळाकडे बघावंच लागत नाही. विलंबितातून द्रुतात जाणं आपल्याला परकं आहे का? पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ही कान देऊन खेळा. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. लढाई सुरू होताना आणि संपताना काय बदलतं, ते वहीत लिहा.

जंगलाची ती फाइल मी नंतर दुरुस्त केली. द्यायची कुणालाच नव्हती. सरांकडे नेऊन लावली. सातवी फेरी सुरू झाली तरी मांडीवर ताल धरलेला त्यांचा हात थांबला नव्हता.