रुग्णालयाच्या माहिती प्रणालीतून क्लिनिकल ऑडिट करताना या चुका टाळा

रुग्णालयाची माहिती प्रणाली मुळात रुग्ण दाखल करणे, बिल काढणे आणि वॉर्डातील रोजचे काम यांसाठी उभारलेली असते, आणि क्लिनिकल ऑडिटच्या, म्हणजे उपचार ठरलेल्या मानकाप्रमाणे झाले का हे तपासण्याच्या, बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

सर्वांत जास्त फसवते ती वेळेची नोंद. शस्त्रक्रियेत चीर देण्याआधीच्या 60 मिनिटांत प्रतिजैविक दिले गेले का, हे तपासायचे आहे असे समजा. परिचारिकेने इंजेक्शन 9:10 ला दिले, चीर 9:35 ला दिली गेली, पण संगणकात नोंद झाली ती 11:40 ला. अहवालाने ही नोंदीची वेळ उचलली, तर औषध उशिरा दिल्याचे दिसते आणि चोख काम करणाऱ्यांवर ठपका येतो. असा एक अहवाल वॉर्डात वाचला गेला, की पुढच्या ऑडिटवर तिथे कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. औषध दिल्याची वेळ आणि नोंदीची वेळ यांचे रकाने वेगळे आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. पाळी बदलण्याच्या सुमारास नोंदींची गर्दी दिसली, तर त्या मागाहून भरल्याची शंका घ्यावी.

रुग्ण निवडताना केवळ आयसीडी-10 (आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) कोडवर विसंबू नये. हृदयविकारासाठी दाखल झालेल्या मधुमेही रुग्णाच्या डिस्चार्जमध्ये ई11 हा टाइप 2 मधुमेहाचा कोड लिहायचा राहून जातो. औषधांची यादी आणि एचबीए1सीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या चाचणीचे) निकाल जोडीला पाहिले, की असे सुटलेले रुग्ण सापडतात.

रिकामा रकाना म्हणजे 'नाही' असे धरू नये. एककेही तपासावीत: क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे काम तपासणाऱ्या रक्तचाचणीचे) 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे 88.4 मायक्रोमोल प्रति लिटर, त्यामुळे वेगवेगळी एकके वापरणाऱ्या दोन प्रयोगशाळांचे निकाल एकत्र आले की सरासरी निरर्थक ठरते.

ठरलेल्या मानकाशी तुलना केली तर ते ऑडिट. नव्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर ते संशोधन, आणि त्यासाठी नैतिकता समितीची परवानगी माहिती काढण्यापूर्वीच घ्यावी. नाव पुसले म्हणजे ओळख लपली असे नाही, कारण दाखल झाल्याची तारीख, वय आणि दुर्मीळ निदान एवढ्यावरूनही रुग्ण ओळखता येतो.

आकडे सादर करण्याआधी 20-30 केसपेपर स्वतः उघडून प्रणालीतून काढलेल्या यादीशी ताडून पाहावेत. वापरलेली क्वेरी (प्रणालीतून माहिती काढण्यासाठी दिलेली आज्ञा) तारखेसह जपून ठेवावी. सुधारणेनंतरचे ऑडिट वेगळ्या क्वेरीने केले, तर दिसणारा फरक उपचारांतला की मोजणीतला, हे सांगता येत नाही.