दातांच्या झिजेवरून जीवाश्म जबडा जोडताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जबड्याचा जो भाग मिळालाच नाही तो मनाने भरणं. उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९३२ साली हिमाचलच्या हरितल्यांगरला येल विद्यापीठाच्या एडवर्ड लुईसला वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला, नाव ठेवलं रामापिथेकस. तुकडा एकाच बाजूचा, मधली रेषा गायब, तरी १९६०च्या दशकात सायमन्स आणि पिलबीम या संशोधकांनी त्याच्या दातांची रांग माणसासारखी गोलसर कमानीची मानली आणि हा आपला पूर्वज म्हणून पुस्तकांत छापूनसुद्धा आलं. पुढे पाकिस्तानात पोटवारला जास्त पूर्ण जबडे आणि चेहरा मिळाला तेव्हा कळलं की हा तर शिवापिथेकस नावाचा लुप्त वानर, ओरांगउटानच्या बाजूचा. पिलबीमनी स्वतःच मत बदललं, आणि याचं मला खरंच कौतुक वाटतं.

दुसरी चूक दातांमधल्या फटींची. चावताना शेजारचे दोन दात एकमेकांवर बारीक घासतात आणि दोघांच्या कडेला एकमेकांशी जुळणारी छोटी सपाट खूण पडते, तिला फॅसेट म्हणतात, त्या दोन खुणा टेकल्या की दात जागेवर बसले समजा. मातीने तडे रुंद झालेले असतात, तेच आपण खरं अंतर धरून बसतो. एका बाजूच्या ८ दातांमध्ये ७ सांधे, प्रत्येकात अर्धा मिलीमीटर जास्त सोडला की रांग साडेतीन मिलीमीटर लांबते! मात्र खूण नसेल तर फट जबरदस्तीने मिटवू नका, सुळ्याजवळ ती खरीच असू शकते.

वरचे-खालचे दात घासूनही चावायच्या पृष्ठभागावर फॅसेट पडतात, आणि फॅसेट व तुटलेली कड यात पण गोंधळ होतो. भिंगाखाली तिरपा उजेड टाकून बघा, फॅसेट गुळगुळीत, चकचकीत, ओरखडे बहुतेक एकाच दिशेचे, आणि समोरच्या दातावर तिची जोडी सापडते. गाडलं गेल्यावर तुटलेली कड खडबडीत आणि धारदार असते, तिला जोडी नसते.

वरचा-खालचा जबडा नुसता मिटवून 'बसला' म्हणू नका. झीज हालचालीने होते. फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेत ओटमार कुलमर आणि त्यांचे सहकारी फॅसेटच्या कलावरून खालचा जबडा कुठल्या दिशेने सरकत होता ते काढतात, तसं तुम्ही पण थ्रीडी मॉडेल बाजूला, पुढे सरकवून बघा, मध्येच कुठे दात अडला तर बहुतेक जबड्याची रुंदीच चुकलीय.

झिजेचा क्रम पण तपासा. पहिली दाढ आधी येते म्हणून सहसा जास्त झिजते, दुसरी तिच्यापेक्षा जास्त झिजलेली दिसली तर दात ओळखण्यात चूक झाली असेल किंवा दोन वेगळ्या व्यक्तींचे दात मिसळले असतील.

आणि हाड वि. दात असं भांडण झालं तर मी दाताकडे झुकेन, कारण गाळाच्या दाबाने हाड वाकतं, इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, त्यामानाने आकार टिकवून ठेवतं. टांझानियातल्या ओल्डुवाईचा ओएच ७ नावाचा जीवाश्म घ्या, १९६० ला सापडलेला, १३ दात असलेला होमो हॅबिलिस या आदिमानवाचा खालचा जबडा, तो पण वाकडा झालेला. २०१५ मध्ये फ्रेड स्पूर यांच्या टीमने सीटी स्कॅनवर सरकलेले तुकडे जागेवर आणले तर जबडा लांब, अरुंद, रांगा जवळपास समांतर निघाल्या.

एक बाजू उलटवून दुसरी बनवत असाल तर ती मॉडेलमध्ये वेगळ्या रंगात ठेवा, दोन्ही बाजूंनी सारखंच चावणं होतं असं नाही.