सर्दी-ताप उतरला तरी पेशंटवरची नजर काढू नका: मेंदू आणि नसांचा त्रास घरी कसा ओळखायचा

सर्दी-तापाची साथ आली की गावात हिशोब सोपा असतो, ताप उतरला म्हणजे माणूस बरा आणि उद्यापासून वावरात. बहुतेकांचं तसंच होतं. पण फ्लू असो की कोरोना, थोड्या लोकांत त्रास मेंदूपर्यंत नाहीतर हातापायाच्या नसांपर्यंत जातो, कधी ताप असतानाच तर कधी ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर, आणि तोवर घरचे सर्दी विसरून गेलेले असतात म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. उपचार डॉक्टरच करणार, पण कधी निघायचं हे घरच्यांनाच ठरवावं लागतं, त्यासाठी हे लिहितोय.

ताप असेपर्यंत शुद्धीवर लक्ष ठेवा. तापात माणूस झोपतोच, पण हाक मारली की उठतो, ओळखतो, पाणी मागतो. हलवूनही नीट जागा होत नाही, घरच्यांना ओळखत नाही, भलतंच बडबडतो, उलट्यांवर उलट्या होतात, मान पुढे वाकत नाही, यातलं काहीही दिसलं तर मेंदूला सूज असू शकते, लगेच निघा. इथंच आपल्याकडे लय वेळ जातो, "बाहेरचं लागलं" म्हणून उतारा करण्यात रात्र निघून जाते. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाच्या नावानं ओळखला जाणारा व्हायरस १९६५ पासून माहीत आहे, तो सर्दीचा नाही, सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीमुळे पसरतो, पण त्यात लेकराला ताप, झटके, बेशुद्धी हे सगळं एक-दोन दिवसांत होऊन जातं. म्हणून व्हायरस कोणता हे घरी शोधत बसू नका, शुद्ध गेली की दवाखाना, बस.

६ महिने ते ५ वर्षांच्या लेकराला नुसत्या तापानंही झटका येतो. पाहणाऱ्याचा जीव जातो पण बहुतेक वेळा ५ मिनिटांच्या आत तो आपोआप थांबतो. लेकराला जमिनीवर कुशीवर झोपवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळात वेळ बघा. दातात चमचा नको, तोंडात पाणी नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको, हातपाय दाबून धरणंही नको. ५ मिनिटांपेक्षा जास्त चालला, परत आला, किंवा थांबल्यावरही लेकरू शुद्धीवर येईना तर १०८ ला फोन. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. मोठ्या माणसाला तापात झटका आला तर तो साधा समजूच नका.

आता पायांचं, कारण सगळ्यात जास्त चूक इथं होते. जीबीएस म्हणजे गुलेन बारी सिंड्रोम, यात आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते, साधारण सर्दी-ताप किंवा जुलाब होऊन गेल्यावर १ ते ४ आठवड्यांत. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला बरेच पेशंट सापडले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. सुरुवात पायाला मुंग्या आणि कंबरदुखीनं होते, कापूस वेचणीचे दिवस असले तर लोक म्हणतात वाकून वाकून झालं असेल. तापानंतरचा साधा अशक्तपणा सगळ्या अंगाला असतो, थकलेला माणूस हळूहळू का होईना उठतो. इथं दोन्ही पाय ऐकत नाहीत आणि दर दिवशी, कधी दर तासाला, जोर आणखी कमी होतो. घरी तपासायचं असेल तर उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगा, टाचांवर आणि चवड्यांवर चार पावलं चालवून बघा, चालताना चप्पल पायातून निसटते का विचारा. मग एक दमात मोठ्यानं आकडे मोजायला लावा, मोठ्या माणसाला २० पर्यंतही जमत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, आवाज बसला असेल तर छातीच्या स्नायूंपर्यंत गेलंय असं धरा आणि सकाळची वाट पाहू नका. ताकदीच्या सलाईननं हे थांबत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार आहेत, आणि पहिल्या दोन आठवड्यांत मिळाले तर फायदा जास्त. म्हणून पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून, चिठ्ठी घेऊन, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी जा, नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं हॉस्पिटल. खर्चाची धास्ती घेऊन घरी थांबू नका, जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरला तीन गोष्टी न विचारता सांगायच्या: सर्दी-ताप किंवा जुलाब कधी झाले, आठ-पंधरा दिवसांत फवारणी केली का, आणि रात्री जमिनीवर झोपला होता का. फवारणीच्या विषानंही माणूस गळून जातो, २०१७ ला यवतमाळनं ते भोगलंय, आणि जमिनीवर झोपलेल्याला मण्यार हा विषारी साप चावला तर दुखतही नाही पण पापण्या जड होतात.

तोंड वाकडं झालं आणि सोबत एक हात लुळा किंवा बोलणं अडखळलं तर तो लकवा, रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, मालिश करत बसू नका.

तापाला पॅरासिटामॉल पुरे. लेकराला वजनावर, एका वेळी एका किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम आहे की २५० ते वाचा नाहीतर डोस दुप्पट होतो. १८ वर्षांखालच्यांना फ्लू किंवा कांजण्यात ॲस्पिरिन अजिबात नको, डिस्प्रिनही ॲस्पिरिनच, त्यानं क्वचित मेंदू आणि लिव्हरला सूज येते.

वास गेला असेल तर तो बहुतेकांचा परत येतो. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, एकेक २० सेकंद, सकाळ-संध्याकाळ, निदान ३ महिने शांतपणे हुंगत राहा. तोपर्यंत गॅस लीक झाला तर कळणार नाही, म्हणून रात्री सिलिंडरचं रेग्युलेटर बंद आहे का ते घरातल्या दुसऱ्यानं बघावं.